इंदूबाईंनी ठेवलेलं नाव

मुळशी धरणाच्या पाण्याकाठी गायकवाडांच्या घरात मुलगी झाली, आणि बारशाला जमलेल्या बाया पाळण्याभोवती बसून नावाची वाट बघू लागल्या. कुणी गौतमी सुचवलं, कुणी करुणा. बाळाच्या आईच्या, रुपालीच्या, मनात श्रुती होतं. पण पाळण्याच्या दोरीला हात घातला तो आजीनं. इंदूबाई वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पटाचारा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"काय म्हनलात, इंदूबाई?"

"पटाचारा. पुन्यांदा सांगू?"

पुन्हा कुणी विचारलं नाही. इंदूबाईंशी वाद घालायची गावात कुणाची छाती नव्हती. रुपालीनं श्रुती मनातच ठेवलं, पेढे वाटले गेले आणि पोरीला ते नाव कायमचं चिकटलं.

घरात ती पटू होती तोवर काही बिघडलं नाही. शाळेत गेल्यावर बिघडलं. पहिल्याच दिवशी हजेरी घेताना गुरुजी अडखळले. "पटा... पटा काय गं?" तिनं उत्तर देण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, "चारा, गुरुजी! गुरांचा चारा!" वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंतची सगळी वर्षं ती चारा होती. "ए चारा, आमची म्हैस भुकेली हाय, ये की." एकदा तिच्या बाकावर कुणीतरी कडब्याची पेंढी आणून ठेवली. तीही सगळ्यांबरोबर हसली, पेंढी उचलून खिडकीतून बाहेर टाकली, आणि घरी येऊन न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज करत रडली.

रुपालीला कळायचं, पण ती काय करणार? सोमनाथ, पोरीचा बाप, वरच्या अंगाला एका रिसॉर्टात माळीकाम करायचा. तो म्हणायचा, "आईनं ठेवलंय, काय तरी मनात धरूनच ठेवलं असंल." आणि आजीला विचारायला जावं, तर आजी तांदूळ निवडत असायची.

"आजी, असलं कसलं गं नाव ठेवलंस?"

"बुद्धाच्या काळातली मोठी बाई हुती."

"किती मोठी?"

"लई." एवढं बोलून आजी खडा उचलून फेकायची, आणि बोलणं तिथंच संपायचं.

पोरगी मोठी झाली तसं हसणं कमी झालं आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. पौडला कॉलेजात असताना ती एका मैत्रिणीच्या घरी गेली होती. मैत्रिणीच्या आईनं कौतुकानं पोहे पुढं केले, नाव विचारलं. गायकवाड म्हटल्यावर चेहरा खुलला. गायकवाड सगळ्याच जातींत असतात. मग पहिलं नाव ऐकलं आणि त्या बाई म्हणाल्या, "असं होय." त्या दोन शब्दांत काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही, सांगावंही लागलं नाही. पोहे तिनं संपवले. पण त्या घरी ती परत गेली नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर होस्टेलच्या दारात पहिल्या मुलीनं नाव विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक निघालं, "चारू." किती सोपं होतं ते! कुणी अडखळलं नाही, कुणी भुवई उचलली नाही. "चारू, क्यूट नाव आहे," ती मुलगी म्हणाली. पटाचारा सर्टिफिकिटांवर राहिली आणि चारू माणसांत वावरू लागली. पुढं हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, तिथंही गळ्यातल्या कार्डावर तिनं चारू गायकवाड असंच छापून घेतलं. शेजारच्या टेबलावरची जान्हवी तिची मैत्रीण झाली, दोघी एकाच फ्लॅटवर राहायला लागल्या.

नाव कायमचंच बदलून घ्यावं, असं एकदा तिच्या मनानं घेतलं. घरी येऊन तिनं आजीला सांगून टाकलं. वाटलं होतं, आजी कडाडेल. पण इंदूबाई शांतपणे म्हणाल्या, "बदल की. मी दिलं, आता ते तुझं हाय. ठेव न्हाईतर टाक." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून चालू लागल्या. खालच्या आळीत कुणाचं तरी माणूस गेलं होतं, तिकडं त्यांना जायचं होतं.

हे इंदूबाईंचं नेहमीचंच. पंचक्रोशीत कुठंही माणूस गेलं, की त्या जायच्या. नात्यातलं असो नसो, आपल्यातलं असो नसो. एसटी मिळाली तर एसटीनं, नाहीतर पायी. लहानपणी पटूला याची लाज वाटायची. बाकीच्यांच्या आज्या लग्नाला जातात आणि आपली मयताला. आजी तिथं जाऊन करते काय, हे तिनं कधी विचारलं नाही. आणि विचारायचं राहिलं, तसं नाव बदलायचं कामही मागं पडलं.

यंदाच्या वैशाखी पौर्णिमेला ती घरी आली होती. वस्तीच्या विहारावर पंचशील ध्वज लावले होते, बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, खिरीचं पातेलं चुलीवर रटरटत होतं. विहाराचे सेक्रेटरी भिवाजी यांनी या वर्षी एक नवीन गोष्ट केली होती. लवळ्याच्या एका विद्यापीठात श्रीलंकेची एक भिक्खुणी अभ्यासाला आली आहे असं त्यांना कळलं, आणि ते स्वतः रिक्षा घेऊन त्यांना आणायला गेले. धम्मदिन्ना त्यांचं नाव, भिक्खुणी म्हणून सगळे आर्याजी म्हणत. पन्नाशीच्या, सावळ्या, ठेंगण्या, डोळे हसरे. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. तेव्हा भिवाजींनी गर्दीत नजर फिरवली आणि म्हणाले, "सोमनाथाची पोर कुटंय? बाळ, तुला इंग्रजी येतंय. आर्याजी काय बोलत्यात ते आमाला सांग, आमी काय बोलतुया ते त्यांना सांग."

ती जाऊन आर्याजींजवळ बसली. वंदना झाली, पंचशील झालं. आर्याजींनी थोडं प्रवचन दिलं, तिनं जमेल तसं मराठीत सांगितलं. नंतर सगळे मोकळे बसले असताना आर्याजींनी हसून इंग्रजीत विचारलं, "तू छान सांगितलंस. तुझं नाव काय?"

"चारू."

मागून आवाज आला. भिंतीला टेकून बसलेल्या इंदूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं. "चारू कोन? खरं नाव सांग की त्यांना."

ती लाजली. खाली बघून पुटपुटली, "पटाचारा."

आर्याजींच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू आता कुठं ती त्यांना दिसली होती. मग त्यांनी ते नाव उच्चारलं, सावकाश, एकेक अक्षर मोकळं सोडत. ना अडखळणं, ना हसू. चोवीस वर्षांत आपलं नाव असं कुणाच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. 

"माझी आई निरक्षर होती," आर्याजी म्हणाल्या. "पौर्णिमेच्या दिवशी विहारातून परत येताना ती आम्हाला हीच गोष्ट सांगायची. हे नाव मी पहिल्यांदा आईच्या तोंडून ऐकलं. इथं, इतक्या लांब, या गावात एक पटाचारा आहे, हे तिला सांगता आलं असतं तर! कुणी ठेवलं?"

तिनं आजीकडे बोट दाखवलं. आर्याजी उठून इंदूबाईंच्या समोर येऊन बसल्या. "विचार त्यांना," त्या म्हणाल्या, "हेच नाव का?"

तिनं विचारलं. कितीदा तरी विचारलेला तोच प्रश्न, पण आज तो दुसऱ्याच्या वतीनं होता. इंदूबाईंनी मान दाराकडे वळवली. विहाराच्या दारातून लांबवर धरणाचं पाणी चकाकत होतं. तिकडं बघत त्या बोलू लागल्या.

"तवा मी तुझ्याच वयाची हुते. तुझा आजा पल्याडच्या काठाला बहिनीकडं निगाला हुता. दोन पोरं संगं. थोरला मिलिंद, त्याच्या पाठची विशाखा. ह्यो सोमनाथ तान्हा, आंगात ताप, म्हनून मी राह्यले. मधी गेल्यावर वारं सुटलं आन् होडी उलटली."

नात त्यांच्याकडे बघतच राहिली. आजोबा पाण्यात गेले, एवढं तिला माहीत होतं. मिलिंद आणि विशाखा ही नावं या घरात तिनं कधी ऐकली नव्हती. तिनं बापाकडे पाहिलं. सोमनाथ खिरीचा डाव हातात धरून दाराशी उभा होता. त्याला गावाकडून कळलं असणार. आईच्या तोंडून तोही आजच ऐकत होता.

"सांग की त्यांना," आजी म्हणाली. "थांबलीस का?"

तिनं इंग्रजीत सांगितलं. ते वाक्य इंग्रजीत फार लहान झालं. माझे आजोबा आणि दोन मुलं, बुडाली. एवढंच. बोलताना तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मला काय सुदच न्हवती," इंदूबाई पुढं म्हणाल्या. "ह्याला शेजारनीनं पाजलं. मी पान्याच्या कडंकडंनं फिरायचे. लुगडं कवा सुटलं, कुटं पडलं, ठावं न्हाई. पोरं दगडं मारायची. मानसं म्हनायची, इंदी येडी झाली. आन् मग एक म्हातारं भंते आलं, पावसाळ्यात हितंच राह्यलं. तवा विहार म्हंजी नुसतं छप्पर. एक दिस ते बोलत हुते, मी तशीच आत शिरले. मानसं उटली मला भाईर काडाया. भंते म्हनले, येऊ द्या तिला. एका बाईनं आपलं लुगडं माज्या आंगावर टाकलं. आन् भंते जे बोलत हुते ते सोडून त्यांनी दुसरंच सुरू केलं. एक बाई हुती म्हनले. तिचा नवरा साप चावून मेला. तान्हं पोर घारीनं उचललं, थोरलं नदीत गेलं. म्हायेराला निगाली, तर वादळात घर पडून आईबाप, भाऊ, समदी गेलेली. ती बी येडी झाली. ती बी अशीच आंगावर धड कापड न्हाई आन् फिरत हुती."

इंदूबाईंनी नातीकडे पाहिलं. "एवढं सांगून त्यांनी पानी प्यायला गडू उचलला. आन् मी बोलले. किती दिसांनी तोंड उगडलं मी. म्हनले, मंग? पुडं काय झालं तिचं?"

 खीर खाली लागत होती, पण सोमनाथला त्याचं भान नव्हतं.

"भंते म्हनले, बुद्धानं तिला शुद्धीवर आनलं. मंग ती मोटी भिक्खुनी झाली. ज्या बायांची लेकरं गेली त्या तिच्याकडं यायच्या. शेकड्यानं यायच्या. तिचं नाव पटाचारा. मी घरी आले, सोमनाथाला छातीशी धरलं. तवाच ठरवलं, आपल्या घरात मुलगी झाली की हेच नाव. मला पुन्यांदा मुलगी कुटली हुनार? सोमनाथाला झाली."

नातीनं हे सारं सांगितलं की नाही, सांगितलं तर कसं, हे तिला पुढं कधीच नीट आठवलं नाही. आर्याजींच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यावरून पोचलं असावं. तिनं आजीला एवढंच विचारलं, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस ते 'असलं कसलं नाव' म्हनून. हे कसलं हाय, असं कवा इचारलंस?"

आर्याजींनी हलकेच तिच्या हाताला स्पर्श केला. "त्यांना विचार, भंतेंनी पाण्याचं सांगितलं होतं का?"

"कसलं पानी?" इंदूबाई म्हणाल्या.

मग आर्याजी सांगू लागल्या आणि ती मराठीत सांगत गेली. भिक्खुणी झाल्यावरही पटाचाराच्या मनाला शांती नव्हती. एक दिवस ती पाय धूत होती. पायांवर पाणी ओतलं, ते थोडंसं वाहत गेलं आणि मातीत जिरलं. पुन्हा ओतलं, ते जरा पुढं जाऊन जिरलं. तिसऱ्यांदा ओतलं, ते आणखी लांब गेलं आणि तेही जिरलं. ती तिथंच बघत उभी राहिली. काही माणसं अशीच लवकर जातात, काही मधल्या वयात, काही म्हातारी होऊन. पाणी एकच, माती एकच. त्या दिवशी तिचं मन निवलं.

 एवढ्या वर्षांत मयताच्या किती घरांत, किती बायांना इंदूबाईंनी ही गोष्ट सांगितली असेल, आणि तिचा हा भाग त्यांना आज कळत होता. त्यांचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू लहान मुलीसारखा झाला. आश्चर्यानं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"हे मला भंतेनी सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर सांगितलं बी असंल, आन् मला कळलं नसंल." मग बोटांनी जमिनीवर एक रेघ ओढत त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माजी विशाखा पयलं पानी. मिलिंद बी. त्यांचा बा दुसरं. मी तिसरं. मी अजून चालतीया."

आर्याजींनी भाषांतराची वाट पाहिली. नातीनं जमिनीवरच्या त्या रेघेकडे बोट केलं.

त्या सोमवारी हिंजवडीत तिनं ऑफिसमधल्या मुलीला गळ्यातलं कार्ड बदलून मागितलं. नवं कार्ड आलं तेव्हा नाव दोन ओळींत बसवलेलं होतं. जान्हवीनं ते हातात घेऊन वाचलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे दोन वर्षं मी तुला अर्ध्याच नावानं हाक मारतेय? मला सांगावंसं नाही वाटलं?"

"मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

टीममधल्या ऋषिकेशनंही कार्ड पाहिलं. "ओह. मला वाटलं तू..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं. पूर्वी तिनं त्याची अडचण ओळखून विषय बदलला असता. आज तिनं काही केलं नाही. ती त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली, त्याला वाक्य पुरं करायला हवा तेवढा वेळ दिला. त्यानं ते पुरं केलं नाही. कॉफी आणायला उठला. दोन-तीन दिवस तो जरा लांब लांब राहिला, मग पुन्हा बोलायला लागला, पण पहिल्यासारखा नाही. तिला वाईट वाटलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मात्र कमी वाटलं.

पुढं एका रविवारी ती घरी असताना नेऱ्याहून निरोप आला. तिथल्या गोजराबाईंचा हाताशी आलेला मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला होता. इंदूबाईंचे गुडघे आताशा धरत होते, त्यात एसटीचा भरवसा नव्हता. "मी सोडते तुला," नात म्हणाली आणि तिनं स्कूटर काढली.

नेऱ्यात एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे टॉवर. गोजराबाईंचं घर त्या दोन्हींच्या मधे. आत बाया रडत होत्या, एकमेकींना सांगत होत्या. गोजराबाई मात्र खांबाला पाठ लावून कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. कालपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, असं कुणीतरी सांगितलं.

आजी अशा घरी जाऊन काय करते, ते नातीनं पहिल्यांदा पाहिलं. इंदूबाई रडल्या नाहीत की 'देवाची इच्छा' म्हणाल्या नाहीत. त्या गोजराबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या, खांद्याला खांदा लागेल एवढ्या जवळ. बराच वेळ नुसत्या बसल्या. मग उठल्या, ओट्यावरची खरकटी भांडी घासली, चहा टाकला, कपात ओतून फुंकर घातली आणि परत येऊन बसल्या. कप हातात धरून ठेवला, पुढं केला नाही. त्यांच्या बसण्यात असं काही होतं की हळूहळू बाकीच्या बायांचा आवाज खाली आला. घर निवांत झालं. त्या निवांतपणात गोजराबाईंनी आपण होऊन हात पुढं केला आणि कप घेतला.

नात उंबऱ्याशी बसून बघत होती. एवढी मोठी गोष्ट आपल्या घरात रोज तांदूळ निवडत होती, आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलो होतो!

चहाचे दोन घोट घेतल्यावर गोजराबाईंची नजर तिच्यावर गेली. "ही कोन?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

 इंदूबाईंनी नातीकडे पाहिलं.

"मी त्यांची नात," ती म्हणाली. "पटाचारा."

"पटा..." गोजराबाईंना ते जमलं नाही. त्यांनी पुन्हा ओठ हलवून पाहिलं. "लई येगळं नाव हाय गं. म्हंजी काय?"

"एका बाईचं नाव आहे, मावशी. तिची गोष्ट आहे एक. लांबलचक आहे, पण." ती थांबली. "सांगू?"

गोजराबाईंनी कप खाली ठेवला, आणि खांबापासून थोडं सरकून आपल्या बाजूला तिला बसायला जागा केली.